मूठभर म्हणजे सात

चैत्र सरत आला की साताऱ्याकडच्या घरांत वर्षाची चिंच फोडायला बसतात. ओट्यावर पोतं अंथरलेलं, एकीकडे चिंचेचा ढीग, दुसरीकडे टरफलं, मध्ये परात आणि मिठाची वाटी. चिंचोके कुणालाच नको असतात, म्हणून ते पोरांच्या वाट्याला येतात. अशाच एका ओट्यावर एका दुपारी या चिंचोक्यांवरून सासरे आणि सून यांच्यात जुंपली, आणि चिंच संपली तरी ती काही मिटली नाही.

सासरे म्हणजे आप्पा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३६ वर्षं मास्तर होते. आजही पन्नाशीचा एखादा माणूस रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करतो आणि नकळत तळहात मागं घेतो. सून गावातच बालवाडी चालवते. भांडणाचा विषय चिऊ, वय साडेचार.

जूनमध्ये चिऊला तालुक्याच्या शाळेत घालायचंय आणि तिथं ‘शंभरपर्यंत येतं का’ असं विचारतात म्हणे. त्यामुळे आप्पांनी महिनाभर तिची तयारी करून घेतली होती. त्या दुपारी त्यांनी चिंच फोडता फोडता नुसतं ‘हं’ म्हटलं, आणि एकावर एक अकरा, एकावर दोन बारा करत चिऊनं जी दौड मारली ती थेट शंभरावर जाऊन थांबली. वाटेत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची तेवढी अदलाबदल झाली. ती मोठ्यांचीही होते.

“बघितलंस?” आप्पा म्हणाले.

सुनेनं पदराला हात पुसले. “चिऊ, मला सात चिंचोके दे गं.”

चिऊनं राशीत हात घातला, मूठ भरली आणि आईच्या ओंजळीत रिकामी केली.

“सात आहेत का? मोज बघू.”

चिऊनं एकेका चिंचोक्यावर बोट ठेवून, एकही न गाळता, अकरापर्यंत मोजले.

“मग किती आहेत?”

“सात,” चिऊ म्हणाली आणि मांजरामागं पळाली.

“पोरगी थट्टा करतेय,” आप्पा म्हणाले.

“थट्टा नाही, आप्पा. दोन मागा, दोन देते. तीन मागा, तीन देते. तिनाच्या पुढं काहीही मागा, मूठ भरते. तिच्या लेखी मूठभर म्हणजे चार, मूठभर म्हणजे सात आणि मूठभर म्हणजेच शंभर.”

ही परीक्षा काही सुनेच्या डोक्यातून निघालेली नाही. करेन विन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली तिचे निष्कर्ष छापले. दहापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना त्यांनी एवढंच सांगून पाहिलं की मला इतकी खेळणी काढून दे. काही मुलांना एकच देता यायचं, काहींना दोन, काहींना तीन. एका पायरीवरून दुसरीवर जायला कित्येक महिने लागतात. मग तिना-चारापाशी कधीतरी मुलाला उमगतं की मोजताना शेवटी जो आकडा तोंडातून निघाला, तोच ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर असतो. हे उमगलं की पाच, सहा, नऊ एकदमच हाती लागतात. चिऊ अजून त्या उंबऱ्याच्या अलीकडं होती, आणि शंभर पाठ असल्यामुळं ती पलीकडं गेली असं घरातल्या सगळ्यांना वाटत होतं.

आप्पा गप्प बसणारे नव्हते. “पाठ आधी, अर्थ मागाहून. आम्ही पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणत होतो तेव्हा कुठं कळत होतं? पण बाजारात अडीच शेराचा हिशेब तोंडी करायची वेळ आली तेव्हा पाठांतरच धावून आलं. तुमच्या बालवाडीत पोरं दिवसभर चिखलात खेळतात. हिशेब कोण करणार?”

हे उडवून लावण्यासारखं नाही. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजण्याची पाच तत्त्वं मांडली. त्यांतलं एक तत्त्व आप्पांच्या बाजूचं आहे, ते म्हणजे आकड्यांचा क्रम ठरलेला असावा आणि दर वेळी तोच यावा. तो पाठ झाल्याशिवाय मोजणं सुरूच होत नाही. उरलेली चार मात्र घोकून येत नाहीत. एका वस्तूला एकच आकडा, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, कुठूनही सुरुवात केली तरी बेरीज तीच, आणि चिंचोके असोत की शिंका, मोजता सगळंच येतं. त्यासाठी हाताखाली वस्तू लागते.

सुनेनं आणखी एक दाखला काढला. ग्रेग डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या सहा दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासल्या. शाळेत पाऊल टाकताना मुलाची अंकांची समज किती, यावरून त्याच्या पुढच्या प्रगतीचा अंदाज सगळ्यांत चांगला बांधता आला. वाचनाचा नंबर त्यानंतर लागला.

“मग मी वेगळं काय म्हणतोय?” आप्पांनी चिंचेची शीर ओढून काढली. “लवकर सुरुवात करा.”

“लवकर करायचीच आहे. पण कशाची?”

मग सून घरातल्या बोलण्याकडं वळली. शिकागोत सुसान लेव्हिन यांच्या गटानं ४४ मुलांच्या घरी जाऊन, ती १४ महिन्यांची असल्यापासून ३० महिन्यांची होईपर्यंत, पाच वेळा दीड-दीड तास चित्रण केलं. या साडेसात तासांत एका घरात आईबापांच्या तोंडून आकड्यांचे शब्द निघाले फक्त ४, तर दुसऱ्या घरात २५७. ज्यांच्या कानांवर जास्त पडले, त्या मुलांना पुढं चार वर्षांच्या सुमारास ‘पाच’ म्हणजे नेमके किती हे जास्त चांगलं कळत होतं. त्याच गटानं नंतर आणखी बारकाईनं पाहिलं, तेव्हा समोर असलेल्या, बोट लावता येईल अशा वस्तूंबद्दलचं बोलणं कामी आलेलं दिसलं, आणि त्यातही चार ते दहा वस्तूंबद्दलचं. एक-दोन-तीन तर मूल डोळ्यांनीच ओळखतं.

“आपल्याकडं रोज स्वयंपाकघरातून हाक येते, भाकऱ्या किती थापू,” सून म्हणाली. “उत्तर आपण देतो. चिऊला कोण विचारतं?”

आप्पा यावर काही बोलले नाहीत. चिऊला मात्र त्यांनी मांडीवर ओढून घेतलं.

त्यानंतर जे झालं, त्यात सरशी आप्पांचीच झाली हे सांगायला हवं. सुनेनं सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर लावल्या. “दोन्हीत सारखे आहेत का?” चिऊ म्हणाली, सारखे. मग सुनेनं एका रांगेतले चिंचोके लांब लांब पसरले आणि पुन्हा विचारलं. चिऊ थबकली. “याच्यात जास्त,” तिनं लांब रांगेवर हात ठेवला. ज्यां पियाजे यांचा हा गाजलेला प्रयोग, बालशिक्षणाच्या जवळपास प्रत्येक वर्गात शिकवतात. संख्या तीच राहते हे या वयाच्या मुलाला कळत नाही, असा त्यातून अर्थ निघतो. सुनेनं तो आप्पांना सांगितला.

“तसं नाहीये ते,” मास्तर म्हणाले. “तू एकच प्रश्न दोनदा विचारलास. अगं, वर्गात आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारला की पोरगं उत्तर बदलतंच. त्याला वाटतं, पहिलं चुकलं म्हणून गुरुजी परत विचारतायत. त्यातून तू तिच्यादेखत चिंचोके हलवलेस. म्हणजे काहीतरी बदललंय असं तूच सांगितलंस की.”

सून हसायलाच लागली. १९७४ साली एडिंबरात जेम्स मॅक्गॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांना हीच शंका आली होती. त्यांनी तोच प्रयोग केला, फक्त रांग विस्कटायचं काम एका खट्याळ अस्वलाच्या बाहुलीला दिलं. बाहुली खोक्यातून येई, धुडगूस घाली आणि रांग बिघडवी. आता मोठ्या माणसानं मुद्दाम काही केलेलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा विचारण्याला कारण होतं. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढली. आप्पांनी डोनाल्डसनबाईंचं नाव कधी ऐकलेलं नाही. त्यांना हे ३६ वर्षांच्या वर्गांनी शिकवलं. शिक्षणतज्ज्ञ जुन्या मास्तरांकडं कीव केल्यासारखं बघतात, तेव्हा हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सुनेनंही माघार न घेता विषय बदलला. “आता एकोणऐंशीचं बघा. चिऊ अडखळली ती तिथंच. आपले आकडेच असे आहेत की मूल गोंधळणारच. बोलताना पंचवीस, म्हणजे पाच आधी. लिहिताना दोन आधी. आणि एकोणतीसमध्ये तर ना धड दोन ना नऊ, तिसाला एक कमी.”

“आलं, साठ तीन आलं!” आप्पांचा आवाज चढला.

२०१९ च्या जूनमधला तो गदारोळ मराठी घरांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ असंही वाचायची सोय केली, आणि विधानसभेपासून व्हॉट्सअॅपपर्यंत सगळीकडं टिंगल झाली. विषय समितीच्या प्रमुख होत्या गणिती मंगला नारळीकर. जुनी नावं काढून टाकलेली नाहीत, जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमानं घाबरणाऱ्या मुलांसाठी ही एक पायरी आहे, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस एकच. तिकडं कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

“आमच्या उजळणीत ही सोय शंभर वर्षांपासून आहे,” आप्पा म्हणाले. “एकावर नऊ एकोणीस. दोनावर तीन तेवीस. आधी डावीकडचा, मग उजवीकडचा, मग नाव. वेगळं पुस्तक कशाला?”

मुद्दा बिनतोड होता, निदान अर्धा तरी. सुनेनं उरलेला अर्धा उचलला. “‘एकावर नऊ’ यात आकडा लिहायचा कसा ते कळतं. तो ‘एक’ म्हणजे दहा आहेत, हे कुठं कळतं? चिऊला विचारा, एकोणिसातला एक किती चिंचोक्यांचा. ती एकच काढून देईल.” मग तिनं वर टोला हाणला, “आणि आप्पा, तुम्ही विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल मोजायचा ना? ते मराठी आहे होय? ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. तेलुगूतले आकडे आहेत ते. खेळात चाललं की तुम्हाला!”

आप्पांना हे माहीत नव्हतं. त्यांनी दोनदा ‘वकट, लेंड’ असं स्वतःशी म्हणून पाहिलं.

चिंचोक्यांनी शिकवणं ही काही परदेशातून आलेली टूम नव्हे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथं येऊन मिळाल्या, आणि पुढं हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग, लाकडी, घडीव. त्यात मोजायच्या दांड्यांची एक पेटी असते. शून्य ते नऊ असे खण आणि ४५ दांड्या, आणि शून्याचा खण रिकामाच ठेवायचा. ‘काहीच नाही’ यालाही स्वतःचं घर असतं, हे मुलाला हातानं कळावं म्हणून केलेली ही देखणी युक्ती. पण वारली पाड्यावर ती पेटी आणायची कुठून? ताराबाई-अनुताईंनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांना कामाला लावलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही ताराबाईंचीच. केंद्र सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्लीहून लहान मुलांसाठी खेळण्यांचा ‘जादुई पिटारा’ निघाला, तेव्हा आप्पा म्हणाले होते, “पिटारा येईल तेव्हा येईल. चिंच दर वर्षी येते.”

सूनबाईंच्या बाजूची एक उणीवही सांगायला हवी. खेळातून शिक्षण म्हणजे मुलांपुढं ठोकळ्यांची टोपली उपडी करायची आणि बाईंनी रजिस्टर भरायला बसायचं, असं बऱ्याच ठिकाणी चालतं. तिची स्वतःची बालवाडीही बुधवारी, पोषण आहाराचा हिशेब द्यायच्या दिवशी, अशीच चालते. तिनंच ते कबूल केलं. नुसता खेळ हा खेळच असतो, त्यातून गणित निघेल याची हमी नाही.

ते निघतं कसं, याचं एक साधं उदाहरण पिट्सबर्गचं आहे. रॉबर्ट सिगलर आणि गीता रमणी यांनी तिथल्या गरीब वस्त्यांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एक पट दिला. एका ओळीत दहा घरं, १ ते १० आकडे, आणि फिरकीवर फक्त १ किंवा २. अट एवढीच की सोंगटी पुढं सरकवताना घरातला आकडा म्हणायचा. तिनाच्या घरात असलात आणि दोनाचं दान पडलं तर ‘एक, दोन’ नाही, ‘चार, पाच’ म्हणायचं. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, म्हणजे सगळा मिळून एक तास. तेवढ्यात कोणता आकडा मोठा, रेघेवर कुठला आकडा कुठं येईल, हे मुलांना चांगलं कळायला लागलं, आणि नऊ आठवड्यांनीही ते टिकलेलं होतं. दुसऱ्या मुलांना तसाच पट, पण आकड्यांऐवजी रंगांचा दिला होता. त्यांच्यात काही फरक पडला नाही.

“आपली सापशिडी आहेच की,” आप्पा म्हणाले. ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जाणारा मोक्षपट हा तिचा आपल्याकडचा जुना अवतार.

“सापशिडी या वयाला नको. दहा झाले की अकरा वरच्या ओळीत आणि उलट्या दिशेनं. सोंगटी डावीकडं चालली की उजवीकडं, यातच पोरं हरवतात. शिवाय शंभर घरं. सरळ रेघ बरी.”

आप्पांनी हातातली चिंच खाली ठेवली. “आता मला एक सांग. हे सगळे खेळ खेळलेली पोरं पहिलीत गेल्यावर पुढं काय झालं? मास्तर म्हणून मला तेवढंच हवंय.”

सुनेनं लगेच उत्तर दिलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं आणि ते तिच्या सोयीचं नव्हतं.

दिल्लीत ‘प्रथम’च्या बालवाड्यांमध्ये हाच प्रश्न घेऊन एक मोठा प्रयोग झाला. ही ‘प्रथम’ मूळची मुंबईच्या झोपडपट्ट्यांत नव्वदच्या दशकात सुरू झालेली संस्था. प्रयोग करणाऱ्यांत मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की आणि पुढं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो होत्या. पाचेक वर्षांची १,५४० मुलं. त्यांतल्या एका गटानं चार महिने गणिती खेळ खेळले, ठिपक्यांच्या दोन पुंजक्यांपैकी जास्त कुठला, आकृत्यांत वेगळी कुठली, असे. २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आले. अंदाजाची आणि आकारांची समज वाढली, आणि वर्षानंतरही वाढलेली राहिली. पण पहिलीतल्या शाळेच्या गणितात ही मुलं इतरांच्या पुढं गेली नाहीत.

“म्हणजे खेळ वाया गेला,” आप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र जिंकल्याचा सूर नव्हता.

“वाया नाही. त्या खेळांत लिहिलेला आकडा आणि बोललेला आकडा जवळजवळ नव्हताच. डोळ्यांना ‘जास्त’ कळलं, पण त्या जास्तीला ‘नऊ’ म्हणतात आणि तो असा काढतात, ही गाठ कुणी मारून दिली नाही. आणि वर्गात त्याच्या उलटं होतं. नऊ काढायला शिकवतात, नऊ किती ते राहून जातं.”

२०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेला एक अभ्यास याच दुखण्यावर बोट ठेवतो. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात भाजी-फळं विकणाऱ्या मुलांकडून संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन अडनिड वजनांची खरेदी केली. मुलांनी तोंडी हिशेब चोख केला. तेच गणित शाळेसारखं मांडलं की त्यांना जमेना. आणि शाळेत हुशार ठरणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब सुटेना. आप्पांनी हे ऐकलं आणि बराच वेळ नुसते टरफलं गोळा करत बसले. त्यांच्या वर्गातही बापाच्या गाडीवर बसून नोटा मोजणारा, आणि फळ्यापाशी उभा केला की मुका होणारा, एक मुलगा होता. त्याला त्यांनी दोन वर्षं एकाच वर्गात बसवलं होतं.

“अडीचकी त्याला कधी पाठ झाली नाही,” ते म्हणाले. “आणि अडीच किलो टोमॅटोचे पैसे तो माझ्या आधी सांगायचा.”

ऊन ओट्यावरून उतरलं. चिंचेचे गोळे बरणीत गेले. आप्पा उठले, आतून खडू घेऊन आले आणि शहाबादी फरशीवर एका रेघेत घरं आखू लागले. अक्षर अजून फळ्यावरचंच, ठसठशीत. दहापर्यंत आखून झाल्यावर त्यांनी सुनेकडं न बघताच एक चिंचोका दगडावर घासून पांढरा केला. पांढरी बाजू वर पडली की एक, काळी पडली की दोन.

“तिनावर आहेस, पडले दोन. काय म्हणायचं?”

“एक, दोन.”

“अंहं. घराचं नाव घे.”

“चार…” चिऊनं आजोबांच्या तोंडाकडं पाहिलं, “पाच.”

दहा फारच लवकर झाले. आप्पांनी पुढं आखायला घेतलं. अकराच्या घराशेजारी त्यांनी एक गंमत केली, दहा चिंचोके एका वाटीत झाकून ठेवले आणि वाटीबाहेर एक ठेवला. बाराला वाटी आणि दोन. सून भिंतीला टेकून बघत होती. तिनं सुचवलेलं नव्हतं हे. एकोणिसाशी वाटीबाहेर नऊ चिंचोके जेमतेम मावले, कारण तिथंच ओट्याची कड होती.

चिऊनं वाटी उघडून आतले दहा आहेत ना ते बघितलं आणि झाकली. मग कडेपाशी ओणवी झाली.

“आप्पा, वीस कुठंय?”

आप्पा गुडघ्याला हात लावत एक पायरी उतरले. अंगण शेणानं सारवलेलं होतं, त्यावर खडू चालेना. ते सुनेला म्हणाले, “ती रांगोळीची वाटी दे इकडं.”